एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्स शिकायचंय? मग आकडा कसा तयार होतो ते आधी शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की इकॉनॉमिक्स ग्रॅज्युएशनचं शेवटचं वर्ष चालू आहे, पर्यावरणाची मनापासून ओढ आहे, मास्टर्स एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्समध्ये करावंसं वाटतंय, पण गणिताची धास्ती आहे आणि निसर्गाची पैशात किंमत करणं हेच मुळात पटत नाही, तर करावं का आणि तयारी काय करावी. मी या विषयात वीसेक वर्षं आहे, आधी सर्व्हे आणि रिसर्च प्रोजेक्ट, मग शिकवणं. वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते.

आधी ते न पटण्याचं बघू, कारण चांगली चांगली मुलं तिथेच अडकून बसतात. निसर्गाची किंमत करायची नाही असं आपण कितीही म्हटलं तरी ती होतच असते. जंगलातून रस्ता न्यायचा की नाही हे ठरतं तेव्हा टेबलावर खर्च आणि फायद्याचा एक तक्ता असतो, त्यात सिमेंट, मजुरी, वाचलेलं इंधन, वाचलेला वेळ सगळ्याचे रकाने भरलेले असतात, आणि जंगलाच्या रकान्यात काही लिहिलेलंच नसेल तर बेरीज करणारा तिथे शून्य धरतो. कुणी मुद्दाम धरत नाही, पण धरलं जातं. शून्य हीसुद्धा किंमतच झाली ना, आणि ती सगळ्यात चुकीची. आपलं काम एवढंच की तो रकाना शून्य राहू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी तिथे काहीतरी फुगवून किंवा दाबून लिहिलं असेल तर ते ओळखायचं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि मला विचारशील तर या डिग्रीचं खरं मोल त्यातच आहे. काही गोष्टी आकड्यावर ठरवूच नयेत, उदाहरणार्थ कुणाला त्याच्या जमिनीवरून उठवायचं का, हेही एका चांगल्या इकॉनॉमिस्टने स्वच्छ सांगितलं पाहिजे, पण ते सांगायलाही आकडा कुठे संपतो ते माहीत असावं लागतं.

एक उदाहरण देते. १९९७ मध्ये नेचर या नियतकालिकात रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला, पृथ्वीवरच्या सगळ्या परिसंस्था मिळून माणसाला दर वर्षी सरासरी ३३ लाख कोटी डॉलरच्या सेवा देतात असा, म्हणजे त्या वेळच्या साऱ्या जगाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. जगभर गाजला. पण बऱ्याच इकॉनॉमिस्टांनी हरकत घेतली, आणि ती निसर्गाला कमी लेखून घेतलेली नव्हती. आपलं माप हे थोड्या बदलाचं माप आहे, एवढी एवढी दलदल बुजवली तर काय जाईल, नदीतला एवढा गाळ कमी झाला तर काय मिळेल. सगळा निसर्गच नाहीसा झाला तर तुम्ही किती द्याल याला अर्थच उरत नाही, कारण द्यायलाच कुणी उरणार नाही, आणि माणूस आपल्या एकूण उत्पन्नाच्या दुप्पट देणार तरी कुठून. त्या पेपरने लक्ष वेधलं हे मला चांगलंच वाटतं, पण पहिल्या सेमिस्टरला मी तो मुद्दाम वाचायला देते, म्हणजे कुठलाही आकडा समोर आला की "कशाच्या तुलनेत?" हे विचारायची सवय लागते.

आता शिकवतात काय. पाया सगळा मायक्रोइकॉनॉमिक्सचा आहे हे आधीच सांगते, कारण खूप जण निसर्ग, प्राणी, हवामान असं काही डोक्यात घेऊन येतात आणि पहिले दोन महिने नुसते डिमांड कर्व्ह बघून हिरमुसतात. आर्थर पिगू या इकॉनॉमिस्टने १९२० मध्ये मांडलं की धूर सोडणारा जे नुकसान दुसऱ्याच्या माथी मारतो तेवढा कर त्याच्यावर बसवा. रोनाल्ड कोस हा दुसरा इकॉनॉमिस्ट १९६० मध्ये म्हणाला की नुकसान दोन्ही बाजूंनी बघा, हक्क स्पष्ट असतील आणि बोलणी करायला काहीच खर्च येत नसेल तर दोघं आपसात मिटवतील. पुष्कळ पोरं इथेच थांबतात आणि कोस म्हणजे सरकारने हात काढून घ्यावा असं परीक्षेत लिहून येतात. उलट आहे, बोलणी कधीच फुकट होत नाहीत हाच त्याच्या लेखाचा गाभा. मग १९३१ चा हॉटेलिंग, खाणीतला माल आज काढायचा की उद्या, १९६८ चा हार्डिन, सामायिक कुरणाची वाट लागतेच म्हणणारा, आणि त्याला प्रत्यक्ष गावोगावचे दाखले देऊन उत्तर देणारी एलिनॉर ऑस्ट्रॉम, जिला २००९ मध्ये इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं आणि ते मिळवणारी ती पहिली बाई. ऑस्ट्रॉम नीट वाच, घाईत वाचू नकोस. तिचं म्हणणं "लोक आपोआप जपतात" असं नाहीये, हद्द ठरलेली असते, राखण करणारे असतात, नियम मोडला तर आधी छोटा दंड मग मोठा, नियम बनवताना वापरणाऱ्यांचं चालतं, असं सगळं असेल तर टिकतं.

परमिट, म्हणजे ठरावीक टन प्रदूषण करायची परवानगी, हा विषय फार गोंधळ करतो म्हणून कागदावर करून बघ. दोन कारखाने, दोघांचं प्रदूषण १०० टन, एकूण १०० टन कमी करायचंय. पहिल्याला एक टन कमी करायला २० खर्च येतो, दुसऱ्याला ८०. दोघांनी निम्मं निम्मं केलं तर ५० गुणिले २० म्हणजे १००० आणि ५० गुणिले ८० म्हणजे ४०००, एकूण ५०००. तेच दोघांना ५०-५० टनांचे परमिट दिले आणि ते विकता आले तर पहिलाच सगळे १०० टन कमी करेल, खर्च २०००, आणि दुसरा त्याच्याकडून परमिट घेईल, मधल्या भावात दोघंही खूश. अमेरिकेत गंधकाच्या धुरासाठी १९९० च्या कायद्याने हीच पद्धत आणली आणि १९९५ पासून ती चालू झाली, युरोपचा कार्बन बाजार २००५ चा. इथपर्यंत पुस्तकात छान वाटतं. आता मला सांग, तो दुसरा कारखाना भर वस्तीत असेल तर? एकूण टन कमी झाले, खर्च वाचला, पण त्या वस्तीतली हवा होती तशीच राहिली. कार्बन डायऑक्साईडला हा प्रश्न नाही, तो कुठेही सोडला तरी सगळीकडे मिसळतो, धुळीच्या बारीक कणांना आहे. म्हणजे कुठलं साधन वापरायचं हे ठरवायला आधी तो धूर कसा पसरतो ते माहीत पाहिजे. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते की निदान एक तरी विज्ञानाचा पेपर घ्या, हायड्रॉलॉजी, इकॉलॉजी, हवेचं रसायनशास्त्र, काहीही, पण तिथल्या मुलांबरोबर बसून घ्या, "इकॉनॉमिस्टांसाठी विज्ञान" असला पातळ केलेला नको.

आता व्हॅल्युएशन, म्हणजे ज्याला बाजारभावच नाही त्याची किंमत कशी काढायची. इथे जरा थांबते, कारण तुझी अडचण याच्याशीच आहे. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलाचं जहाज अलास्कात प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. मच्छीमारांचं नुकसान मोजता येत होतं, पण जे लोक अलास्काला कधी गेले नाहीत आणि जाणारही नाहीत तेही हळहळले, त्या हळहळीला काही मोल आहे का? अलास्का राज्यासाठी झालेल्या अभ्यासात देशभरच्या घरांना विचारलं की असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून एकदाच एवढा जादा कर द्याल का, आणि त्यातून जवळपास २८० कोटी डॉलर असा आकडा निघाला. कंपनीच्या बाजूच्या इकॉनॉमिस्टांनी पद्धतच फोल आहे म्हणून झोड उठवली. शेवटी समुद्र आणि हवामानाचं काम बघणाऱ्या अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेने एक समिती नेमली, केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो हे दोन नोबेलवाले तिचे प्रमुख, आणि १९९३ मध्ये त्यांनी सांगितलं की नीट केलं तर हा आकडा कोर्टात विचाराची सुरुवात करण्याइतपत भरवशाचा असतो. नीट म्हणजे समोरासमोर मुलाखत, "किती द्याल" असं मोकळं न विचारता "एवढे द्याल का, हो की नाही" असं मत दिल्यासारखं विचारणं, आणि विचारायच्या आधी आठवण करून देणं की हे पैसे तुमच्या दुसऱ्या खर्चातून जाणार आहेत.

हे सगळं पाठ करून मी पहिल्या सर्व्हेला गेले होते. एक तळं, त्यात वरून सांडपाणी यायचं, आणि आमचा प्रश्न की तळं स्वच्छ राहावं म्हणून महिन्याला एवढे द्याल का. काठावर एक बाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी हातातली गाठ पूर्ण केली, दाताने दोरा तोडला आणि मग म्हणाल्या, "मी द्यायचे? घाण वरचे सोडतात, त्यांना जाऊन विचार मला किती देणार ते." आमच्या फॉर्मवर अशा उत्तराला प्रोटेस्ट रिस्पॉन्स म्हणतात, तिथे खूण करायची आणि विश्लेषणातून ती घरं वगळायची असा नियम. मी खूण केली आणि पुढच्या घरी गेले. पण त्या बाईंनी एका वाक्यात कोस मांडला होता, हक्क कुणाचा हे ठरल्याशिवाय किंमत विचारताच येत नाही. "स्वच्छतेसाठी किती द्याल" आणि "घाण सहन करायला किती घ्याल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हीची उत्तरं सहसा सारखी येत नाहीत, दुसरं उत्तर बहुतेक वेळा पुष्कळ मोठं येतं, आणि पहिलं विचारलं की घाण करणाऱ्याचा हक्क आपण गुपचूप मान्य केलेला असतो. शिवाय किती द्याल याचं उत्तर खिशावर ठरतं, त्यामुळे गरिबाची हवा कागदावर स्वस्त निघते, तिथे फुप्फुसं मात्र तीच असतात. त्या प्रोजेक्टमध्ये ती घरं वगळूनच रिपोर्ट गेला. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक अभ्यासात वगळलेल्यांची संख्या आणि त्यांनी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत रिपोर्टच्या पहिल्या काही पानांत येतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी तेच करायला लावते.

म्हणून म्हणते की पटत नाही ते चांगलंच आहे, ते घेऊनच ये. ज्यांना पहिल्या दिवसापासून सगळं पटतं त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचे पैसे आजच्या हिशेबात आणताना दर वर्षाला किती टक्क्यांनी कमी धरायचे तो दर, हा दुसरा असा विषय जिथे सगळं एका छोट्या आकड्यात लपलेलं असतं. १०० वर्षांनी होणारं १ लाखाचं नुकसान आज किती समजायचं? दर १ टक्का धरला तर साधारण ३७ हजार. ३ टक्के धरला तर ५,२००. ५ टक्के धरला तर ७६०. बघ ना, नुकसान तेच, वर्ष तेच, आणि एका दराने नातवंडांचं घर ३७ हजारावरून ७६० वर आलं. कॅल्क्युलेटर घेऊन हे स्वतः कर, वाचून त्याचा धक्का बसत नाही. २००६ च्या स्टर्न रिव्ह्यूने, म्हणजे निकोलस स्टर्नने ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालाने, दर सुमारे १.४ टक्के धरला आणि हवामान बदलावर लगेच मोठा खर्च करा म्हटलं, विल्यम नॉर्डहाऊस, ज्याला २०१८ चं नोबेल मिळालं, त्याने बाजारातल्या व्याजाच्या जवळचा बराच वरचा दर धरला आणि हळूहळू वाढवत न्या म्हटलं. दोघांच्या भांडणाचा मोठा भाग विज्ञानाचा नव्हताच, अजून न जन्मलेल्या माणसाला आपण किती मोजतो याचा होता. कुठलाही खर्च-फायद्याचा रिपोर्ट हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचते, आधी दर कुठल्या पानावर लिहिलाय ते शोधते, आणि कधीकधी तो परिशिष्टातल्या एका ओळीत असतो.

आता इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून कशामुळे काय झालं ते शोधणं, आणि इथे कामचुकारपणा करू नकोस. मेक्सिको सिटीत १९८९ मध्ये नियम आला, नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस गाडी बाहेर काढायची नाही. ऐकायला चांगलं आहे. लुकस डेव्हिसने २००८ मध्ये हवेच्या तासातासाच्या नोंदी तपासल्या, सुधारणा दिसली नाही, आणि लोकांनी त्या एका दिवसासाठी आणखी गाड्या घेतल्याची चिन्हं मात्र दिसली. नुसतं नियमाच्या आधी आणि नंतर असं बघितलं असतं तर पाऊस, ऋतू, इंधन असं कशाचंही श्रेय नियमाला गेलं असतं. नियम नसता तर काय झालं असतं, हे कधीच दिसत नाही आणि तेच शोधायचं असतं, सगळं इकॉनोमेट्रिक्स या एका न दिसणाऱ्या गोष्टीभोवती फिरतं.

आणि आकडा मोजतो कोण, हेही. गुजरातमध्ये कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट ज्या ऑडिटरकडून व्हायचं त्याला निवडायचा आणि पैसे द्यायचा तो कारखानाच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी सरकारी नियामकाबरोबर एक प्रयोग केला, काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमून दिला, त्याचा पगार एका सामायिक निधीतून, आणि मधूनमधून दुसऱ्याकडून फेरतपासणी. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. जुन्या पद्धतीत रिपोर्टमधले आकडे मर्यादेच्या अगदी जेमतेम खाली दाटीवाटीने बसलेले, प्रत्यक्षात प्रदूषण जास्त. नव्या पद्धतीत रिपोर्ट खरे यायला लागले आणि पुढे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. मर्यादेच्या खाली उभी असलेली ती आकड्यांची गर्दी दाखवणारा आलेख मी दर वर्षी वर्गात लावते आणि काहीच न बोलता पाचेक मिनिटं थांबते, मुलं आपणहून बोलायला लागतात.

गणिताची धास्ती. खरं सांगू, जेवढं वाटतं तेवढं लागत नाही पण जेवढं लागतं ते पक्कं लागतं. डेरिव्हेटिव्ह, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, लॅग्रांज, थोडं मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आणि रिग्रेशन, मास्टर्सचं पहिलं वर्ष यावर निघतं. मासेमारीचं मॉडेल घे. तळ्यात मासे अगदी कमी असले तर पिल्लं कमी होतात, तळं भरलेलं असलं तर खायला पुरत नाही म्हणून वाढ थांबते, मधे कुठेतरी वाढ सगळ्यात जास्त, साध्या लॉजिस्टिक मॉडेलमध्ये ती बरोबर निम्म्या क्षमतेला येते. हाताने ती टेकडीसारखी रेघ काढ, मग डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतो ते बघ, टेकडीच्या माथ्यावर. झालं, एवढंच गणित. मग गॉर्डन या इकॉनॉमिस्टने १९५४ मध्ये दाखवलेलं, की कुणालाही मोकळीक असेल तर कमाई खर्चाइतकी होईपर्यंत होड्या येत राहतात आणि साठा माथ्याच्याही खाली घसरू शकतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला १९९२ मध्ये कॉड मासेमारी बंदच करावी लागली, शतकानुशतकं चाललेली मासेमारी. तो इतिहास डोक्यात ठेवून समीकरण वाचलं की ते कोरडं वाटत नाही. हॅमिल्टोनियन वगैरे पुढे येईल तेव्हा येईल, त्यासाठी आत्ता झोप घालवू नकोस.

सॉफ्टवेअरमध्ये आर किंवा स्टाटा यातलं एक आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, बस. पण वेळ सगळा डेटा साफ करण्यात जातो हे कुणी आधी सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा हवेचा डेटा होता, सेन्सर बंद असला की मशीन -९९९ लिहायचं, तिने सरासरी काढली आणि एका स्टेशनची हवा महिनाभर अतिशय स्वच्छ आली. तिने त्यावर दोन पानं लिहिली होती. तेव्हापासून पहिला तास नुसता डेटा डोळ्याने बघण्यात घालवायचा असा नियम केलाय, सगळ्यात लहान दहा आकडे, सगळ्यात मोठे दहा, आणि युनिट मायक्रोग्रॅम आहे की मिलिग्रॅम.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नकोस, पेपरांची यादी बघ. इकॉनोमेट्रिक्सचे निदान दोन पेपर आहेत का, मागच्या दोन-तीन वर्षांचे थीसिस कशावर झालेत, त्यात कुणी स्वतः डेटा जमवला का. इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स ही वेगळी परंपरा आहे हेही लक्षात ठेव, जॉर्जेस्कू-रोगेन, हर्मन डेली, त्यांचा प्रश्न असा की अर्थव्यवस्था पृथ्वीच्या आत आहे तर ती किती मोठी होऊ शकते. मुख्य धारेतले लोक त्यांचं लिखाण फारसं शिकवत नाहीत, मला ते पटत नाही, दोन्ही वाच. कामं बरीच आहेत, प्रदूषण नियामक, डेव्हलपमेंट बँका, ऊर्जा क्षेत्र, कार्बनचे हिशेब तपासणाऱ्या संस्था, रिसर्च, शिकवणं, फक्त पहिली नोकरी बहुतेक जणांना डेटाच्या जोरावर मिळते, पर्यावरणाच्या आवडीवर नाही.

थीसिस छोटा घे. बागेजवळच्या घरांचे भाव जास्त म्हणून बागेची किंमत एवढी, असे प्रस्ताव दर वर्षी दोन-तीन तरी येतात, आणि बागा आधीच श्रीमंत भागात असतात हे विचारलं की गप्प होतात. त्यापेक्षा एखादी बाग नुकतीच झाली किंवा बंद पडली असेल तिथे बघ, आधीचे भाव, नंतरचे भाव, आणि तशीच पण बाग नसलेली दुसरी वस्ती.

आत्ता ॲडमिशनला काही महिने आहेत ना, तर डेरिव्हेटिव्हची उजळणी रोज अर्धा तास, रिग्रेशन सुट्टीत आरमध्ये हाताने करून बघ, आणि कुठल्याही एका प्रोजेक्टचा खर्च-फायद्याचा रिपोर्ट डाउनलोड करून पूर्ण वाच, परिशिष्टासकट. दर कुठे लिहिलाय, कुणाला विचारलं, कुणाला वगळलं आणि कुठला रकाना रिकामा आहे एवढं शोधून मला कळव, मग पुढचं बोलू.